मशीन एकटं येत नाही

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या शिलाई मशीनसमोरचं स्टूल पुढे ओढलं, वहीतला एक रेघांचा कागद फाडून सुईखाली सरकवला आणि म्हणाले, "बसा. दोरा नाहीये. या रेघेवरून टीप मारा."

मला वाटलं माणूस चेष्टा करतोय, पण चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. सातवीत कार्यानुभवाच्या तासाला मशीनला पाय लावला होता, त्यानंतर थेट आत्ता. चाक आधी उलटं फिरलं, मग सुलटं, मग पुन्हा उलटं. कागद एकदा टरकला. काकांनी तो उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर नेला आणि भोकांची ती वाकडीतिकडी रांग डॉक्टर एक्स-रे बघतात तशी बघितली.

"घाई आहे तुम्हाला. पण बिघडलं की थांबता. भाडं वेळेवर द्याल. सामान कधी आणताय?"

पुढे काकूंनी सांगितलं की माझ्या आधी एक इंजिनिअर आला होता. त्याने रेघ केसभरही न सोडता टीप मारली आणि काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "इतका सरळ माणूस घरात नको," म्हणाले. त्या इंजिनिअरने बाहेर जाऊन काय काय सांगितलं असेल याची मला अजून कल्पना करवत नाही.

इंदिरानगरमधला तो छोटा बंगला. वरच्या खोलीत मी, खाली काका-काकू आणि सतरा मशिनं. दिवाणखान्यात सोफा नव्हता. पाहुणा आला की त्याला एखाद्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसवायचे आणि चहाचा कप मशीनवर ठेवायला सक्त मनाई. लोक कप हातात धरून अवघडून बसत आणि लवकर उठून जात. काकू म्हणायच्या, "माझ्या घरात बसायला एक जागा नाही आणि शिवायला सतरा." यातली खरी गंमत अशी, की काकूंना शिवण अजिबात येत नव्हतं. त्यांचे ब्लाउज चौकातल्या टेलरकडे जायचे. काकांना ते कधी टोचलं नाही. "तिला मशीन आवडत नाही, मला वांगं आवडत नाही. संसार चाललाय ना?" हे त्यांचं उत्तर.

काका निवृत्त होते, म्हणजे पगार बंद झाला होता. काम चालूच. उमेदीच्या वयात ते एका मशीनविक्रेत्याकडे मेकॅनिक होते आणि एसटीने जिल्हाभर शिवणक्लास पालथे घालायचे. सटाणा, येवला, पेठ, कुठलंही गाव काढा, त्यांना तिथल्या तहसीलदाराचं नाव ठाऊक नसायचं, पण कोणत्या गल्लीत कोणतं मशीन आहे ते पाठ. "त्या गावात एक जर्मन आहे," असं ते एकदा म्हणाले तेव्हा मी कोण, कधी आला, काय करतो असं सगळं विचारून बसले होते. तो जर्मन म्हणजे एका शिंप्याच्या माडीवरचं काळं मशीन निघालं.

जुनं मशीन ओळखण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. नाव वाचायचेच नाहीत. नाव कोणीही रंगवतं, म्हणायचे. आधी वास घ्यायचे. अक्षरशः नाक लावून. आणि मग एकदम ओरडायचे, "खोबरेल!" समोरची बाई दचकायची. खोबरेल तेल म्हणजे काकांच्या लेखी महापाप. मशीनचं तेल संपलं की घरातलं कोणीतरी हाताशी असलेली खोबरेलाची बाटली उचलतं, हिवाळ्यात ते आत थिजतं आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा चिकट डिंक होतो. एका गृहस्थांच्या मशीनला नाक लावून ते म्हणाले, "यात माक्याचं तेल घातलंय. घरात कोणाचे केस गळतायत?" ते गृहस्थ टोपी सावरत म्हणाले, "माझे."

वास झाला की बोटं. खालचा तळ कसा कापलाय, कमरेसारखा आत गेलाय की सरळ आहे. बॉबिन गोल आहे की नावेच्या आकाराच्या लांबट शटलमध्ये बसतं. ते लांबट निघालं की काकांचा आवाज खाली यायचा, वयस्कर माणूस खोलीत आल्यावर येतो तसा. मग नंबर. नंबर मशीनच्या हेडवर, म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या वरच्या भागावर, तळाच्या उजव्या अंगाला ठोकलेला असतो. तो ते खडूची भुकटी चोळून वाचायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचे. आणि सगळ्यात शेवटी झीज. सोनेरी नक्षी कुठे पुसली गेलीय त्यावरून घरातली शिलाई सांगायचे. "इथे जाड कापड घासलंय. गोधड्या शिवल्यात तुमच्या आईने. ही बाजू कोरी आहे, म्हणजे पडदे-बिडदे नाहीत." मशीन आणणाऱ्या माणसाचा आ वासलेला असायचा. मी ऑफिसला उशीर करून हे बघत उभी राहायचे आणि काकू मला खुणेने घड्याळ दाखवायच्या.

किंमत विचारली की उलट प्रश्न. "विकायचंय की ठेवायचंय?" विकायचं असेल तर आकडा सांगायचे, तोही तोंडावर, कमी. "तुमच्या आजीच्या लग्नात आलं म्हणता. आजीचं लग्न झालं तेव्हा या मशीनचा कारखाना बांधायचा होता." ठेवायचं असेल तर मात्र आकडा नाही. "मग किंमत कशाला हवी? तेल घाला आणि जा."

एकदा सटाण्याकडचा एक जण मशीन गोणपाटात गुंडाळून, इकडेतिकडे बघत आला. मोबाइलवर कुठलातरी निरोप फिरत होता, की जुन्या मशीनच्या पोटात एक दुर्मीळ धातू असतो आणि त्याचे लाख मिळतात. त्याने हळूच विचारलं, "भाऊ, हाई मशीन लाखनं शे म्हनतस. खरं शे का?" काकांनी मशीन उलटं केलं, पोट उघडलं आणि चिमट्याने आतून एक बटण, दोन तुटक्या सुया, वाळलेली शेंगदाण्याची टरफलं आणि लहान मुलाचा एक दुधाचा दात काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तो माणूस दाताकडे बघत राहिला. मग खुदकन हसला आणि म्हणाला, "मना शे हाऊ दात. आजीनी मशीनमा टाकेल व्हता." मशीन पुन्हा गोणपाटात गेलं, दात खिशात गेला, आणि लाखाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

काकांचा एक नियम होता. दुरुस्तीला मशीन एकटं येत नाही. ते चालवणारी बाई किंवा बाप्या सोबत पाहिजे. अर्धा बिघाड माणसाच्या पायात असतो, असं त्यांचं म्हणणं. पायडलला ते स्वतः हात लावायचे नाहीत. "ते ज्याचं त्याच्या पायाने घडवलेलं असतं. दुसऱ्याची झिजलेली चप्पल घालून चालून बघा एकदा." मशीन पोचवायला टेम्पोवाला आला तर त्याला टेम्पोसकट परत. नियम मोडलेला मी एकदाच पाहिला आणि तो माझ्यामुळे मोडला.

दुसरा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण पाळला कडक: स्वतःची चूक कबूल करायची नाही. चहात साखरेऐवजी मीठ पडलं की "तसं झालं." काकूंच्या भाचीच्या लग्नाला आम्ही एक दिवस उशिरा पोचलो, मांडव उतरवत होते, तेव्हाही "तसं झालं." जणू जगात गोष्टी आपोआप होतात आणि काका तिथे फक्त हजर असतात.

तर येवल्याची गोष्ट. एका दुपारी तिशीचा एक मुलगा टेम्पो घेऊन दारात आला. त्याची आई येवल्यात ब्लाउज शिवायची, त्यातही पैठणीवरचे. तिला चिकुनगुनिया झाला होता, दोन महिने ती मशीनवर बसली नव्हती, आणि तेवढ्यात सुनेने कौतुकाने मशीनला तेल घातलं होतं. कुठलं ते काकांनी टेम्पोतच ओळखलं.

"बाई कुठेय?" काका म्हणाले.

"आई आजारी हाय ना. सांधे धरलेत."

"मग बरी झाली की घेऊन या. मशीन आणि आई, दोघींना."

तो एवढंसं तोंड करून उभा. मला राहवलं नाही. "अहो काका, येवल्याहून आलाय तो. त्याच्या आई बऱ्या होऊन बसतील तेव्हा मशीन तयार नको का?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भाडं थकवलंय. पण मशीन उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात शहरातल्याच एका घरातून दुसरं मशीन आलं. त्यांना साफ करून विकायचं होतं. दोन्ही एकाच जातीची, एकाच काळातली, बिडाचे स्टँड तर जुळ्या भावांसारखे. काकांनी दोन्हींची हेडं उतरवून रॉकेलमध्ये भिजत घातली आणि प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. स्टँड मी आणि काकूंनी धुतले. मग हळदीकुंकू होतं म्हणून ते उचलून मागच्या ओट्यावर नेले, आणि हळदीकुंकू झाल्यावर परत आणले. आठ दिवसांनी काकांनी दोन्ही मशिनं जोडली आणि ती आपापल्या घरी गेली.

महिन्याभराने येवल्याच्या ताई स्वतः आल्या. सोबत मुलगा. बारीक अंगाच्या, नऊवारीतल्या, आजारातून उठलेल्या, पण नजर टोकदार. चप्पल बाहेर काढून आत आल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "मास्तर, ते माझं मशीन नाय."

काकांनी लाल रजिस्टर उघडलं. नंबर वाचला. ताईंनी येताना हेडवरचा नंबर कागदावर उतरवून आणला होता. दोन्ही जुळले.

"नंबर तुमचाच आहे, ताई."

"नंबर असंल. पर मशीन माझं नाय. पाय टाकला की कळतं ना. टीप धरतच नाय सरळ. पैठणीचा काठ हाय, वाकडी टीप पडली तर उसवून भोकं दिसत्यात. दोन ब्लाउज बिघडले माझे."

काकांनी त्यांना आपल्याच एका मशीनवर बसवलं. कागद घातला. ताईंनी डावा पाय पायडलवर ठेवला, उजवा खाली मोकळाच. चाक अडखळलं, उलटं गेलं. कागदावर माझ्यासारखीच रांग उमटली.

"बघा," काका मऊ आवाजात म्हणाले. "एकाच पायाने चालवताय. दुखण्याने उजवा पाय गेलाय तुमचा. मशीन तेच आहे. आता दोन्ही पायांनी नव्याने शिकावं लागेल."

"मी काय म्हणत व्हतो, आई?" मुलगा म्हणाला. "बास कर आता. लय शिवलं. आता नाय व्हत तुझ्याच्यानं."

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. दारात चप्पल घालताना मात्र म्हणाल्या, "तीस वर्सं शिवती मी. माझाच पाय मला कळंना व्हय?"

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. खरं तर मला अपराधी वाटत होतं, का ते मलाच नीट माहीत नव्हतं. मुलगा पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा त्या बोलू लागल्या. गल्लीतल्या एका नवरीचे ब्लाउज त्यांच्याकडे यायचे होते, ते दुसरीकडे गेले होते. सून चांगली होती, मुलगा चांगला होता, सगळे आराम कर म्हणत होते. "आराम करायला मी काय दमली हाय का?" मग बाटली घेऊन येणाऱ्या मुलाकडे बोट करून हसल्या. "ह्यो पाळण्यात व्हता ना, तवा उजव्या अंगठ्याला पाळण्याची दोरी आन् डाव्या पायाखाली मशीन. दोरी थांबली की ह्यो बोंबलायचा. तवापासून माझा उजवा पाय मशीनला लागतच नाय." मीही हसले. बस आली, त्या गेल्या. आणि ही गोष्ट काकांना सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मला ती पाळण्याची गोष्ट वाटली, मशीनची वाटलीच नाही.

पुढचे दोन-तीन महिने काका मधूनच म्हणायचे, "त्या येवल्याच्या बाईचं वाईट वाटतं. पाय गेला बिचारीचा." आणि मी मान हलवायचे.

मग मला बढती मिळाली. काका-काकूंना कुठेतरी चांगल्या ठिकाणी न्यायचं म्हणून मी त्यांना कॉलेज रोडवरच्या एका नव्या कॅफेत नेलं. आत पाय ठेवताच माझ्या लक्षात आलं की मी केवढी आगळीक केली. तिथली टेबलं म्हणजे शिलाई मशीनचे स्टँड, वर सागवानी फळी. भिंतीवरच्या फळ्यांवर हेडं मांडलेली आणि प्रत्येकाला चिमुकल्या दिव्यांची माळ गुंडाळलेली.

"मुंडकी टांगलीत," काका म्हणाले.

काकू खूश होत्या. "बघा, लोक तुमच्या मशीनचा काही उपयोग करतायत." त्यांनी कॉफी मागवली आणि तिच्यावर फेसाचं पान काढून आलं तेव्हा ते मोडायचं कसं म्हणून दहा मिनिटं तशीच ठेवली.

काका फुरंगटून बसले होते. सवयीने चप्पल काढली आणि पाय खाली पायडलवर गेले. त्या कॅफेवाल्यांनी पायडल मोकळं ठेवलं होतं. काका ते हलवू लागले. एकदा, दोनदा. मग थांबले. मग उजवा पाय उचलला आणि फक्त डावा ठेवला. आणि मग पंच्याहत्तरीच्या आसपासचा तो माणूस खुर्चीवरून उतरून टेबलाखाली शिरला.

"अहो!" काकू म्हणाल्या. "लोक बघतायत!"

टेबलाखालून नुसता हात बाहेर आला. "टॉर्च."

मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकले. पायडलच्या जाळीची डावी बाजू पायाने घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. उजवी बाजू खडबडीत, तिच्यावर कारखान्यातला काळा रंग अजून शाबूत. अख्खं पायडल डावीकडे किंचित कललेलं.

"इथे एक बाई बसत होती," काका पालथे पडून बोलत होते. "बरीच वर्षं. आणि नुसत्या डाव्या पायाने चालवत होती. पण का? उजवा पाय धड असताना कोण असं चालवेल? काय करत होता तो पाय?"

"पाळण्याची दोरी ओढत होता," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून निघालं आणि मीच जागच्या जागी गार पडले. मग त्या टेबलाखाली उकिडवं बसून मी काकांना बसथांब्यावरचं सगळं सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मला टॉर्चच्या उजेडात नीट दिसत होता आणि तो बघून मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात दाढीवाला कॅफेमालक वाकून विचारू लागला, "सर, काही पडलंय का?"

"पडलंय," काका म्हणाले. "हे कुठून आणलंत?"

त्याने सांगितलं: शहरातल्याच एका घरातून, नुकतंच दुरुस्त केलेलं होतं, हेड ते तिथे वर. काकांनी खुर्चीवर चढून नंबर वाचला, घरी येऊन रजिस्टर उघडलं. त्या आठवड्यातलं दुसरं मशीन. हेडं ज्याची त्याला गेली होती. स्टँडची अदलाबदल झाली होती, कारण स्टँडला नंबर नसतो आणि त्याची चिठ्ठी बांधायचं उभ्या आयुष्यात कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मी म्हणाले, "काका, ओट्यावर आम्ही नेले होते ते. परत आणताना आमच्याच हातून उलटसुलट झाले असणार. मी सांगते ताईंना."

"जोडलं कोणी?"

"तुम्ही."

"झीज कोणी बघायला पाहिजे होती?"

"तसं झालं" काका या वेळी म्हणाले नाहीत. काकूंनी त्यांना वांग्याची भाजी वाढली तर तीही खाल्ली, तेव्हा काकू घाबरल्या.

तिसऱ्या दिवशी काका कॅफेत हजर, मागे आम्ही दोघी. मालक बिचारा भला माणूस. "पण सर, हेच आमचं सगळ्यात पॉप्युलर टेबल आहे. लोक याच्यावरच फोटो काढतात."

"फोटोत पाय येतात का लोकांचे?"

"नाही."

"मग पाय मला द्या. फोटो तुम्हाला ठेवा."

बदल्यात त्यांनी दिवाणखान्यातला एक स्टँड दिला, वेलबुट्टीच्या जाळीचा, ज्याच्यावर आम्हाला कोपर टेकायलाही बंदी होती. मालक तो बघून इतका हरखला की त्याने काकांना आयुष्यभर कॉफी फुकट जाहीर केली. काकांनी कॉफी पीत नसल्याचं सांगितलं. काकूंनी "मी पिते" म्हणून नाव नोंदवून टाकलं, आणि घरी येऊन मोकळ्या झालेल्या जागेत एक खुर्ची मांडली.

रविवारी आम्ही टेम्पोने येवल्याला गेलो. काका आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी, स्टँड मागे दोरीने बांधलेला. वाटेत काका एकच वाक्य बोलले. "मी त्या बाईला म्हणालो, तुमचा पाय गेला."

ताईंच्या घरात मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांची चवड आणि मोबाइलचा चार्जर. ताई गहू निवडत बसल्या होत्या. काकांना बघून उठल्या नाहीत. सुनेने पाणी आणलं. मुलगा म्हणाला, "मास्तर, तुम्ही कशाला तरास घेतला? आई शिवत नाय आता."

काकांनी कपड्यांची चवड उचलून सुनेच्या हातात दिली, हेड उतरवलं, स्टँड बदलला, पट्टा चढवला. स्क्रू एकही खाली पडला नाही. मग बाजूला झाले आणि स्टूल पुढे ओढून म्हणाले, "ताई, बसा."

"कशाला?"

"पाय टाकून बघा."

ताई उठल्या. बसल्या. डावा पाय पायडलवर ठेवला आणि एकदम त्यांचा चेहराच बदलला. प्रवासातून आपल्या घरी आल्यावर माणसाचा होतो तसा. त्यांनी कागद मागितला नाही, चिंधी मागितली नाही. फळीवरची पिशवी खाली ओढली, तिच्यातून कापून ठेवलेली पैठणीची एक बाही काढली, जी महिनोन्‌महिने तशीच पडली होती, आणि थेट काठावर सुई टेकवली. चाक फिरलं. एकदाही उलटं गेलं नाही. उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर तरंगत होता आणि त्याचा अंगठा आपसूक मागेपुढे होत होता.

मुलगा बघत राहिला.

काका शाळेत उभं केल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले आणि त्या मुलाकडे बघून, सुनेकडे बघून, खणखणीत आवाजात बोलायला लागले. "ऐका. तुमच्या आईचा पाय कुठेही गेलेला नाही. मी दुसऱ्याचा स्टँड जोडून दिला होता. त्या सांगत होत्या ते खरं होतं, आणि मी नंबर दाखवून त्यांना खोटं पाडलं. चूक माझी आहे. दुखण्याची नाही, वयाची नाही, माझी. ताई, मी तुमची सगळ्यांसमोर—"

"मास्तर," ताई मान वर न करता म्हणाल्या, "जरा गप बसा. टीप चालू हाय."

काका गप्प बसले. सुनेने त्यांना हळूच खुर्ची दिली. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, त्याला मी हातानेच थांब म्हणाले, आणि ती बाही पुरी होईपर्यंत आम्ही कोणी जागचे हललो नाही.